वाघोबाला साखर कुणी ठेवली?

१

"वकीलबाय, वाघोबा गेला. कुनीतरी उपटून नेला."

धाकलीचा फोन आला तेव्हा मी भिवंडी कोर्टाच्या व्हरांड्यात पुढच्या तारखेवरून एका कारकुनाशी हुज्जत घालत होते. हुज्जत अर्ध्यावर टाकली, स्कूटर काढली आणि थेट दिघाशी गाठली.

धाकली ही गावाबाहेरच्या उतारावर राहणारी वारली बाई. ज्या तुकड्यावर ती भात आणि वरी पिकवते तो सरकारदरबारी जंगलखात्याचा आहे, आणि तिच्या घराण्यानं तो पिढ्यान् पिढ्या कसलेला आहे. जमीन तिच्या नावावर व्हावी म्हणून मी दावा लावला होता. अशा दाव्यात कागद नसले तरी चालतं. म्हाताऱ्यांचा जबाब, जुनं देवस्थान, असलं काही दाखवता आलं की कायदा ते धरतो. धाकलीच्या शेतात वाघोबा होता. कमरेएवढा सागाचा खांब, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य आणि सगळीकडे शेंदूर. तिच्या गेलेल्या नवऱ्यानं, वाघ्यानं, तो स्वतः कोरला होता. म्हाताऱ्यांपैकी जबाब देण्याजोगं आता कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त या खांबावर होती. आणि सरकारी समिती पाहणीला यायची होती येत्या सोमवारी!

खांबाच्या जागी नुसता खड्डा होता. कडेची माती कुणीतरी हातानं नीट सारखी केलेली. खड्ड्याच्या काठाशी तुळशीचं एक पान सुकून पडलेलं, आणि त्याच्याभोवती ही एवढी मुंग्यांची रांग. मी वाकून पाहिलं. साखरेचे चार दाणे अजून शिल्लक होते.

तुम्ही वाघोबाला साखर ठेवता का, असं मी विचारलं. धाकलीनं माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. त्याला कोंबडा लागतो आणि ताडी लागते, गोड त्याला चालत न्हाय, असं तिनं सांगितलं. बोलता बोलता तिची नजर झोपडीकडे गेली होती. तिथे तिचा मुलगा किशन उभा होता. काल्हेरच्या गोदामात माल चढवायची ड्युटी करणारा, आणि तिथल्याच कुठल्या तरी सत्संगाला जाऊन ताडी-कोंबडा सोडलेला. गळ्यात तुळशीची माळ. जमीन सोडून देऊ आणि काल्हेरला खोली घेऊ, असं तो महिनाभर सगळ्यांदेखत बोलत होता.

धाकली हलक्या आवाजात म्हणाली, "माज्या पोरानं बापाचा खांब उपटला."

२

मी किशनला बाजूला घेतलं. तो एकच गोष्ट परत परत सांगत राहिला, मी हात लावला न्हाय, आईची शप्पत. आई तर त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हती. चूल पेटली होती, भात शिजला होता, पण पोराला तिनं ताट वाढलं नाही. मला ते बघवेना.

पाड्यावर किशनचं नाव झालं होतं. तालुक्यात मात्र सगळ्यांच्या तोंडी दुसरंच नाव होतं. आल्हाद चौबळ.

आल्हाद हा माझा शाळासोबती आणि भिवंडीला न सुटलेलं कोडं. बाप कारकून, पण पोरानं काल्हेरला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि आज मानकोलीपर्यंत त्याची गोदामं आहेत. निवडणूक आली की सगळे पक्ष त्याच्या दारात. एका पक्षाला तो देणगी देतो, कारण ते कर कमी करू म्हणतात. दुसऱ्याला देतो, कारण ते कुणाच्या ताटात काय आहे ते बघत नाहीत. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीला त्याचा विरोध, लूमवाल्यांच्या वीजसवलतीला विरोध, आणि या दोघांच्या मोर्चावर बंदी आली की त्या बंदीलाही विरोध. देतो ते उघड, चेकनं, आणि देताना तुमचं काय काय पटत नाही तेही सुनावतो. नाक्यावर त्याला सगळ्या पक्षांचा जावई म्हणतात. मी त्याला सगळ्यांची सासू म्हणते, कारण जावई निदान गप्प बसून जेवतो.

टाळेबंदीत हायवेवरून पायी निघालेल्या लूम कामगारांना यानं हुकूम मोडून गोदामात झोपवलं होतं. नोटीस आली तेव्हा म्हणाला, माझं छप्पर, माझे पाहुणे. आणि आदिवासींच्या दाव्यांसाठी माझ्यासारख्या लाल बावट्यावाल्या बाईच्या संघटनेला पैसे देणाराही हाच. मी एकदा कारण विचारलं होतं. ज्यानं कसली त्याची जमीन, आणि सरकार हा देशातला सगळ्यात मोठा जमीनदार आहे, तो एक तेवढा तुला दिसत नाही, असं उत्तर मिळालं. या दाव्यांत मिळालेली जमीन विकता येत नाही, यावर तर आमचं दर भेटीत भांडण ठरलेलं. त्याच्या मते ही अर्धी मालकी. माझ्या मते विकायची मुभा असती तर तुम्ही लोकांनी दिवाळीच्या आत सगळा डोंगर घेतला असता.

पण या वेळी गोष्ट साधी नव्हती. धाकलीच्या उतारामागे आल्हादचं नवंकोरं गोदाम उभं होतं. तिथे जायला जेमतेम टेम्पोपुरती पायवाट. ट्रेलर न्यायचे तर रस्ता धाकलीच्या तुकड्यातूनच काढावा लागणार. दावा फेटाळला गेला तर जमीन सरकारकडे राहते आणि रस्ता होतो. दावा मंजूर झाला तर गोदाम शोभेचं.

मानकोलीच्या ऑफिसात मी पोचले तेव्हा त्याचे मॅनेजर हरीभाऊ भिंतीवरच्या तसबिरींची पूजा आटपत होते. आल्हाद पक्का नास्तिक, कुठल्याही देवापुढे त्यानं हात जोडलेले मी पाहिले नाहीत. पण ऑफिसात पूजा करायची तर खुशाल करा, तुमचा देव तुमच्याकडे, असा त्याचा खाक्या. हरीभाऊंनी माझ्या हातावर चिमूटभर प्रसाद ठेवला आणि चहा सांगायला गेले. भला माणूस. साहेबांसाठी जीव टाकणारा.

मी आल्हादला तोंडावर विचारलं, खांब तू उचलवलास का. तो रागावला नाही. मला दावा बुडवायचा असता तर त्याला पैसे कशाला दिले असते, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, लोक म्हणतात ते नाटक होतं. त्यावर त्यानं खिडकीबाहेरच्या ट्रेलरांकडे बोट केलं.

"चोरी माझ्याच फायद्यासाठी झाली आहे, आसावरी," तो म्हणाला. "म्हणजे चोर मला ओळखणारा आहे. सोमवारच्या आत शोध त्याला."

३

आल्हादला ओळखणारा, म्हटल्यावर पहिला आठवला शैलेश. एका पक्षाचा तालुक्याचा पुढारी, कपाळाला टिळा, दोन मोबाइल. गेल्या निवडणुकीत आल्हादनं त्याला देणगी दिली होती, या वेळी हात आखडता घेतला होता. आल्हादला खूश करायला हा काहीही करील, असं मला वाटलं. शिवाय देवभोळा. चोरी करून वर साखर ठेवणारच.

त्याच्या ऑफिसात शिरले आणि माझा सगळा तर्क भिंतीवरच आपटला. भिंतीवर हा मोठा फ्लेक्स. त्यावर धाकलीच्या वाघोबाचा फोटो, बाजूला हात जोडलेला शैलेश, आणि खाली 'श्री वाघेश्वर मंदिर भूमिपूजन सोहळा'. याला त्या जागी संगमरवरी देऊळ बांधायचं होतं, निवडणुकीच्या आत. खांब गेल्यानं त्याचाच पोपट झाला होता. तो माझ्यावरच खेकसला, की मॅडम, तुम्ही लोक एक लाकूड सांभाळू शकला नाहीत, आता मी उद्घाटन कशाचं करू!

देणगी का आटली तेही त्याच्या बोलण्यातून कळलं. देवळासाठी तो आल्हादकडे गेला होता. आल्हादनं एवढंच विचारलं की देव ज्यांचा आहे त्यांना तुम्ही विचारलंत का. शैलेशला हा प्रश्न अजूनही कळलेला नव्हता. देवाला देऊळ हवं की नको हे विचारतात का कधी, असं तो मला परत परत म्हणत होता.

बाहेर आले आणि स्कूटरवर नुसती बसून राहिले. आल्हाद देवाला साखर ठेवणार नाही. शैलेश खांब उचलणार नाही. मग तुळस आणि साखर ठेवणारा, देवाला भिणारा आणि जमीन नको असलेला असा एकच माणूस उरत होता. त्याच्या गळ्यातली माळ मी डोळ्यांनी पाहिली होती. किशनसाठी मला फार वाईट वाटलं, आणि धाकलीसाठी त्याहून.

४

रविवारी सकाळी मी पुन्हा दिघाशीला गेले. खरं सांगायचं तर धाकलीला धीर द्यायला गेले होते, कारण सोमवारी दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. ती खड्ड्यापाशी बसली होती. किशन लांब बांधावर. दोघांत बोलणं नाहीच.

मी तिला म्हटलं, देव चोरीला गेला, आता आपण काय करणार. तर ती माझ्यावर चिडलीच.

"देव कुठं जातोय? देव हितंच हाय. लाकूड गेलं, माज्या घोवाच्या हातचं."

मी आधी नुसती मान हलवली. मग तिचं बोलणं डोक्यात शिरलं. खांब कुजला की तुम्ही काय करता, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, की खांबाला वाळवी लागते, तो वरून झडतो. मग त्याला खेटून नवा रोवायचा. जुना कधी उपटायचा नाही, तो मातीत जिरू द्यायचा. वाघ्याच्या बापानं तसंच केलं आणि त्याच्या आज्यानंही.

मी खुरपं घेतलं आणि खड्ड्यात उतरले. साडी, कोर्टातला रुबाब, सगळं मातीत गेलं. किशन धावत आला आणि म्हणाला, ताई तुम्ही सरका, जुना बुंधा डाव्या अंगाला हाय. त्यानं हातानं माती ओढली. खाली सागाचा काळा गाभा लागला. त्याच्याशेजारी दुसरा, अजून जुना, बोटानं भुगा होईल असा. अजून खाली आणखी एकाची नुसती काळी रेघ. पिढ्यान् पिढ्यांचा वाघोबा तिथे मातीत उभा होता!

आणि मला एकदम हसू आलं. मी त्या मायलेकांकडे बघून वेड्यासारखी हसत राहिले.

"धाकलीबाई, तुमच्या पोरानं चोरी केली नाही," मी म्हटलं. "पुरावा मोडायचा असता तर यानं हे बुंधे खणले असते. ते कुठे आहेत हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. चोरानं वरचा खांब नेला आणि समजला, देव गेला. असं समजणारा माणूस पाड्यावरचा नाही. मूर्ती म्हणजेच देव मानणारा आहे, तो शहरातला आहे."

धाकलीनं किशनकडे पाहिलं. उठली, झोपडीत गेली आणि भाताचं ताट घेऊन आली. किशन मातीच्या हातांनीच जेवायला बसला आणि जेवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी तोंड फिरवून उभी राहिले. अशा वेळी वकिलाचं तिथे काही काम नसतं.

मग शहरातला कोण? खड्ड्याची कड हातानं सारखी करणारा. खांब उचलण्याआधी देवाची क्षमा मागणारा. ती मागताना रोजच्या सवयीनं तुळशीचं पान आणि चिमूटभर साखर ठेवणारा, आणि कोंबडा-ताडीचा विचारही ज्याच्या मनात येणार नाही असा. आल्हादच्या फायद्यासाठी झटणारा, पण आल्हादला न विचारणारा.

माझ्या जिभेवर ती साखर परत आली. मानकोलीच्या ऑफिसात हरीभाऊंनी प्रसाद म्हणून दिलेली.

५

ऑफिस रविवारी बंद असतं, पण हरीभाऊ तिथे होते. रविवारीही तसबिरींची पूजा चुकू नये म्हणून येतात. आल्हादला मी फोन करून बोलावून घेतलं होतं.

खांब कुठे असेल हे मला न शोधताच कळलं होतं. असा माणूस देव नदीत टाकणार नाही, जाळणारही नाही. तो देवाला घरी आणतो. मी हरीभाऊंना विचारलं, की वाघोबाला आज नैवेद्य दाखवलात का.

त्यांच्या हातातली पळी खाली पडली. मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या कपाटामागे, नव्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला खांब उभा होता. समोर समई, वाटीत साखर. माणसानं चोरी करावी तर इतक्या मनोभावे!

हरीभाऊंनी मग सगळं सांगितलं. दावा मंजूर झाला तर गोदाम बुडणार, साहेब स्वतःच्या तत्त्वापायी स्वतःचा गळा कापून घेणार, आणि त्यांना सांगायला गेलं तर ते ऐकणार नाहीत. म्हणून गोदामाच्या टेम्पोतून खांब आणला. दाव्याचा निकाल लागला की मोठं देऊळ बांधून त्यात बसवीन, असा नवस बोलले होते. एका पैचा त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता. ते आल्हादच्या पाया पडायला वाकले.

आल्हादनं त्यांना खांद्याला धरून उभं केलं. त्याचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"हरीभाऊ, माझी माफी मागू नका. खांब माझा नाही, मग माफी कशी माझ्याकडे असेल?"

मग त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि खांबाला स्वतः खांदा दिला. आयुष्यात देवाला हात न जोडलेला माणूस, शर्टभर शेंदूर.

६

सोमवारी समिती आली. अधिकारी खड्ड्यात वाकून बुंधे बघत राहिले. त्यांच्यातल्या एकानं बुंध्याला बोट लावलं आणि ते बराच वेळ पुसलं नाही. दावा वैध असल्याची शिफारस त्यांनी तिथेच तोंडी सांगितली. मला दुसरं काही नको होतं.

हरीभाऊ आदल्या संध्याकाळीच धाकलीपुढे उभे राहिले होते. तिनं पोलिसांचं नावही काढलं नाही. पाड्याच्या रिवाजाप्रमाणे दंड सांगितला. कोंबडा आणायचा, ताडी आणायची आणि खांब स्वतःच्या हातानं परत रोवायचा. कांदा-लसूणसुद्धा न खाणारे हरीभाऊ फडफडणारा कोंबडा छातीशी धरून शेताच्या बांधावरून येत होते तेव्हा सगळा पाडा हसत होता. हरीभाऊ घामाघूम झाले होते, पण चुकवलं त्यांनी काही नाही.

पाहणी संपली, खांब परत रोवून झाला, तरी शैलेश घुटमळत होता. फुकट गर्दी मिळाली की हा जात नाही. त्यानं आल्हादला बाजूला घेतलं, पण आवाज मुद्दामच मोठा ठेवला. साहेब, रस्ता सार्वजनिक कामात बसवू, जमिनीचा एक पट्टाच तर लागतोय, वरून हुकूम आणणं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त होय म्हणा.

आल्हादनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो धाकलीकडे गेला, पायातल्या चपला काढल्या आणि बांधाच्या अलीकडे थांबला. मला तुमच्या जमिनीतून ट्रेलरची वाट हवी आहे, त्याचं भाडं मी तुम्ही म्हणाल तसं देईन, असं त्यानं सांगितलं. देणार का, हे शेवटचे शब्द त्यानं खरोखरच प्रश्नासारखे उच्चारले.

धाकली म्हणाली, "माज्या पोराला इचार. त्याला सगल्यांनी चोर म्हनलं. आता तो सांगंल."

आल्हाद किशनकडे वळला. ज्या किशनला गोदामात मुकादम नावानंसुद्धा हाक मारत नाही, त्याला हा कोट्यधीश म्हणाला, "किशनराव, तुमचं काय मत?"

सगळ्यांना वाटलं पोरगा हो म्हणणार. जमीनच नको म्हणणारा तो. काल्हेरची खोली चालून आली होती. किशननं शेताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, खांबाभोवतीच्या ओल्या मातीकडे पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "ट्रेलर न्हाय."

शैलेश हसला. हरीभाऊंनी डोळे मिटले. आल्हादनं मान हलवली, बरं म्हणाला आणि चपला घालू लागला. एवढं मोठं गोदाम, पण चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला की राग आला. या माणसाच्या निम्म्या मतांशी मी आयुष्यभर भांडले आहे आणि पुढेही भांडणार आहे. पण स्वतःला परवडत नसतानाही मत पाळणारा माणूस मी राजकारणात दुसरा पाहिलेला नाही.

बांधावरून खाली उतरताना मी त्याला छेडलंच. मूर्खा, शैलेशला नुसतं होय म्हणाला असतास तर महिन्याभरात रस्ता झाला असता.

तो थांबला. मागे हरीभाऊ मातीच्या हातांनी येत होते, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "मग त्या बिचाऱ्यानं काय वेगळं केलं होतं?"

गाडी पार खाली डांबरी रस्त्यावर उभी होती, तिथपर्यंत आम्ही तिघंही चालत गेलो.